चौथी ओळ

"डॉक्टर, माझ्या आजोबांच्या डोळ्यांत औषध घालताय की नुसतं पाणी?"

हे विचारायची पैज वर्गातल्या मैत्रिणींनी लावलेली. 'एवढी शाणी हैस तर विचारून दाखव!' विचारलं की मग!

डॉक्टरबाई हसल्या. "मलाही माहीत नाही. ट्रायलमधल्या निम्म्या लोकांना नवं औषध, निम्म्यांना बिनऔषधाचे थेंब. कुणाला काय मिळालं, ते शेवटीच उघडायचं. म्हणून तर दर महिन्याला हा तक्ता वाचून घेते."

म्हातारपणानं आजोबांच्या नजरेचा नेमका मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, पण समोरच्याचं तोंड दिसत नाही. पप्पांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून या वेळी शिवाजी पेठेतून रिक्षा करून मी आणलं त्यांना. एकटीनं!

तक्त्यावर खाली जाईल तशी अक्षरं बारीक. आजोबा बसले आणि चौथी ओळ घडाघडा म्हणून मोकळे. "ग, र, म, त, ळ!"

"अरे वा! मागच्या महिन्यात दुसऱ्या ओळीवर थांबला होता!"

कसलं अरे वा! सकाळी याच आजोबांनी चहा कपाऐवजी बशीच्याही बाहेर ओतलेला. आणि 'गरमतळ' तर मी आठवडाभर घरात ऐकत होते. मला वाटलेलं, भज्यांबद्दल चाललंय! आत्ता उलगडा झाला: मागच्या वेळी पप्पांनी मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढून आणलेला आणि तो आजोबांकडून पाठ करून घेत होते.

"आजोबा, ऑफसाइड!" मी ओरडलेच.

पेठेच्या फुटबॉलला चाळीस वर्षं लाइनमन होते ते. एकदा ऑफसाइड म्हणून झेंडा वर करून आपल्याच पेठेचा गोल रद्द केला, तर पंधरा दिवस कुणी चहा पाजला नव्हता.

"गप ए पूर्णे!" आजोबा लालबुंद. "दिसत न्हाय म्हटलं तर काढून टाकतील की मला!"

"आणि खोटं सांगितलं तर? पाणीच औषध म्हणून पास होईल. मग बाकीच्यांच्या आजोबांनी काय घालायचं डोळ्यांत?"

आजोबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मॅडम, तक्ता बदला."

नव्या तक्त्याची दुसरी ओळ त्यांनी अडखळत वाचली. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्होरं दिसत न्हाय!"

"दिसत नाही म्हणून कुणाला काढत नाही, आजोबा," डॉक्टरबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "मला तेच तर कळायला हवं."

परतताना आजोबांनी रिक्षावाल्याला सोडलं नाही. "पावणं, ही माझी नात! भर दवाखान्यात माझ्यावर झेंडा वर केला हिनं!" मी अशी फुगले म्हणता, रिक्षात मावेना.

कामावरून नुकतेच आलेले पप्पा दारातच. "काय, चौथी आली का?"

"दुसरी. पण खरी."

पप्पांचा चेहरा पडला. मम्मी कणकेच्या हातानं बाहेर आली.

"तो फोटो उडवा, पप्पा. आणि मम्मी, दहावी हाय माझी, ठाऊक हाय मला. तरी पुढच्या महिन्यापासून आजोबांना घेऊन मीच जाणार. पप्पा न्हाय."