उतारावरच्या काठ्या

माझं डोकं लवकर फिरतं, हे गावाला ठाऊक हाय. जित्याची खोड, दुसरं काय. पण त्या गुरुवारी जे झालं ते डोकं फिरल्यामुळं झालं न्हाय. डोकं फिरल्यावर मी जे शांतपणे, कुणी बघत न्हाय हे बघून केलं, त्यामुळं झालं. म्हणून सांगते.

आमच्या गावासमोर खाडी हाय आणि पलीकडं सरकारी दवाखाना. रस्त्यानं जायचं तर पोर्टाच्या हायवेला वळसा घालून नऊ किलोमीटर, त्यात न्हावा शेव्याच्या ट्रेलरांची रांग. ओहोटीला खाडीतून चालत गेलं तर वीस मिनिटं. जुन्या लोकांनी खाडीच्या तळाला दगड टाकून वाट केलीय, तिला आम्ही उतार म्हणतो. दगड चिखलाखाली, डोळ्यांना दिसत न्हायत. म्हणून कडेनं काठ्या रोवलेल्या असतात. काठीला धरून चाललं तर पाय दगडावर. चार-पाच हात बाजूला गेलं तर माणूस मांडीपर्यंत चिखलात, आणि तो चिखल पाय सोडत न्हाय.

त्याच काठ्या आमच्या जाळ्यांची हद्द. वरच्या अंगाला आमचं जाळं, खालच्या अंगाला शेजारच्या गुणाजीचं. माझा नवरा धर्मा होता तोवर दोघं एका चिलमीवर बसायचे. धर्मा गेला आणि दोन वर्षांपूर्वी गुणाजीचं जाळं माझ्या अंगाला सरकलेलं मी बघितलं. तो बोलला, "पाण्यानं सरकलं, वहिनी." मी बोलले, "पाण्याला बरी तुझीच हद्द कळते." मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला आणि मी त्याच्या मेलेल्या आईपर्यंत पोचले. त्या दिवसापासून बोलणं बंद. भिंतीला भिंत लागून, पण त्याच्या दारात मी पाऊल टाकलं न्हाय.

बुधवारी सकाळी त्याच्या जाळ्यात जिताडा मासा लागला, चांगला हातभर. माझ्या जाळ्यात चार बारकी बोयटं. मी डोक्यात राख घालून घेतली. तो बाजाराला गेल्यावर मी खाडीत उतरले आणि आमच्या बाजूच्या सहा काठ्या उपटून खाली रोवल्या. एकदम न्हाय सरकवल्या. रांग सरळ वाटावी म्हणून एकेक थोडी थोडी तिरकी नेली, आमच्या काठाजवळची शेवटची बारा हात खाली. जिताडा लागतो ते खाडीचं वळण माझ्या हद्दीत आलं. घरी येऊन मी चहा केला आणि मला बरं वाटलं.

काठ्या कुणासाठी असतात, हे एकदाही मनात आलं न्हाय. आम्हाला काठ्या लागतच न्हायत. उतार म्हणजे आमची पायाखालची वाट, गावातलं कुणीही डोळे मिटून जाईल. काठ्या परक्या माणसासाठी. आणि त्या वाटेनं येणारं परकं माणूस एकच होतं, दवाखान्यातली नर्स शिवानी.

शिवानी माणगावकडची, सत्तावीस वर्षांची पोरगी. डोंगराच्या कुशीतल्या भातशेतीतली, खाडी तिनं नोकरीला लागल्यावर बघितली. माझ्या बीपीच्या गोळ्या द्यायला दर शुक्रवारी चालत यायची. तिचं ते काम न्हाय. मी दवाखान्यात जायचा कंटाळा करते म्हणून यायची. शुक्रवारच्या आत गुणाजीला कळेल, भांडण होईल, काठ्यांचं काय ते ठरेल, असा माझा हिशेब असावा. खरं सांगायचं तर हिशेबही नव्हता.

गुरुवारी संकष्टी होती. चौथीची ओहोटी नवाच्या सुमारास सरते. साडेदहाला मी बांधावर सुकट पालटत होते आणि हाक आली, "आजी." मोठ्यानं न्हाय. वर बघितलं तर बांधापासून चाळीस-पन्नास पावलांवर शिवानी उभी. नीट बघितलं तर उभी नव्हती. मांड्यांपर्यंत चिखलात होती आणि पाणी कमरेला लागलं होतं. एका हातानं प्लास्टिकची पिशवी डोक्यावर धरलेली. तिच्या शेजारीच मी सरकवलेली तिसरी काठी.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. भरती लागून दीड तास झालेला. अर्ध्या तासात तिथं पाणी गळ्याला येतं, हे मला माझ्या नावासारखं ठाऊक.

"हलू नकोस," मी ओरडले. "जितकी हलशील तितकी आत जाशील."

"हलत नाहीये, आजी. पण पाणी वाढतंय."

मी गुणाजीच्या दाराशी धावले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. तो जाळं विणत बसला होता. माझं तोंड बघून तो बाहेर आला, खाडीकडं बघितलं आणि घराचं दार बिजागरीतून उचकटायला लागला. जुनं सागवानी दार, एकट्याला पेलणारं न्हाय. बांधावरच्या रस्त्याला एक ट्रेलर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर स्टोव्हवर भात शिजवत होता. तो स्टोव्ह तसाच सोडून आला. चांगदेव त्याचं नाव, बीडकडचा. दाराचं दुसरं टोक त्यानं उचललं.

"ट्रेलरनं ओढू का?" त्यानं विचारलं. "कंटेनर बांधायचे पट्टे आहेत माझ्याकडं."

"पट्टे आण," गुणाजी बोलला. "गाडी नको. गाडीनं ओढलं तर पोरीचे पाय तिथंच राहतील."

दार घेऊन ते दोघं बांधावरून उतरले आणि गुणाजी घाईत सरळ काठ्यांच्या रेषेत निघाला. नुसता पाय टाकला असता तर त्याला खालचा दगड नसलेला कळला असता. पण दाराचं ओझं खांद्यावर आणि डोळे त्या पोरीवर. त्या ओझ्यासकट तो आत गेला असता तर तिघंही गेले असते. मी मागून त्याचा सदरा धरला.

"त्या काठ्यांवरनं जाऊ नको."

"का?"

"मी हलवल्यात."

तो थांबला. चांगदेव माझ्याकडं बघत राहिला. गुणाजीनं बघितलं न्हाय, पाण्याकडंच तोंड ठेवून विचारलं, "किती?"

"ही शेवटची बारा हात. खालच्या अंगाला."

"तू पुढं हो," तो बोलला. "पायानं दगड धर. आम्ही तुझ्या पावलावर येतो."

बासष्ट वर्षांच्या बाईनं त्या दिवशी लुगडं खोचून खाडीत वाट काढली. गार पाणी, खाली निसरडे दगड आणि मागं ते दोघं दार घेऊन. शिवानीच्या सरळ समोर आलो तेव्हा मधे सहा-सात हात मऊ चिखल उरला होता आणि पाणी तिच्या छातीला. गुणाजीनं दार पाण्यावर सोडून तिच्याकडं ढकललं. चांगदेवनं पट्टा फेकला. पहिली फेक चुकली. दुसऱ्या फेकीला पट्टा तिच्या हाती लागला.

"आधी ही पिशवी घ्या," शिवानी बोलली. तिचे ओठ निळे पडले होते.

"मरू दे ती पिशवी," मी बोलले.

"बीपीचं मशीन आहे त्यात, आजी. आणि तुमच्या गोळ्या. बुधवारी संपल्या ना तुमच्या? मी मोजून देते, मला माहीत असतं. म्हणून आज आले."

तिथं पाण्यात उभी असताना मला स्वतःची किळस आली. दुसरा शब्द न्हाय.

तिनं पिशवी दारावर ठेवली, पट्टा काखेतून घेतला आणि गुणाजी सांगेल तसं करत गेली. दारावर छाती टाक. मागचा पाय आधी. ओढू नकोस, पाय गोल फिरव, पाणी खाली जाऊ दे. पाणी खाली गेलं की चिखल सुटतो, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. एक पाय सुटायला दहा मिनिटं लागली. तोवर पाणी हनुवटीला. दुसरा सुटेना. एक लाट तिच्या तोंडावरून गेली आणि ती खोकत बोलली, "मला भीती वाटतेय." तोवर ती एकदाही तसं बोलली नव्हती. चांगदेव पट्टा कमरेला गुंडाळून मागं रेलला होता आणि सारखं एकच बोलत होता, "आली ताई, आली, आली." मी त्याच्या कमरेला मिठी मारून पाय दगडात रोवले. गुणाजी पालथा दारावर सरकला, हात पाण्यात खांद्यापर्यंत घातला आणि तिच्या गुडघ्यामागचा चिखल बोटांनी उकरत राहिला. मग ती सुटली. चप्पल खाली राहिली, आणि आम्ही तिला पट्ट्यानं उतारावर ओढलं. पिशवी गुणाजीनं दातात धरून आणली. दार सुटलं ते भरतीनं आत नेलं. ते आजपर्यंत सापडलं न्हाय.

माझ्या ओटीवर तिला बसवली. चांगदेवनं त्याचं ब्लँकेट आणलं आणि स्टोव्हवरचा करपलेला भातही आणला, वरचा बरा भाग तिच्या ताटलीत वाढला. अंगातलं कापरं कमी झाल्यावर तिनं विचारलं, "मी तर काठ्यांच्या कडेनंच आले होते. मग चुकले कशी?"

मी तोंड उघडायच्या आत गुणाजी बोलला, "उधाणानं सरकल्या असतील काठ्या. होतं असं कधी."

चौथीला उधाण नसतं. काठी उपटेल असं पाणी पुनवेला न्हायतर अवसेला. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय. पण शिवानी डोंगराकडची, तिनं मान हलवली. माझ्यावर झाकण टाकून गुणाजी बिनदाराच्या घरासमोर उभा होता, कोपरापर्यंत काळा. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथं मिटली होती.

"पाण्यानं न्हाय," मी बोलले. "मी सरकवल्या. याच्या जाळ्याच्या रागानं. तू येशील हे माझ्या डोक्यातच आलं न्हाय."

 ती रडली, पोटातून रडली, आणि मी तिला हात लावला न्हाय, कारण तो हक्क माझा नव्हता. चांगदेव उठून रस्त्याकडं गेला.

रडणं थांबल्यावर तिनं पिशवीची गाठ सोडली. मशीन कोरडं होतं. तिनं माझा हात ओढून घेतला आणि दंडाला पट्टा बांधला. तो दोनदा सुटला, तिनं तिसऱ्यांदा बांधला.

"एकशे ऐंशी आहे," ती बोलली, माझ्याकडं न बघता. "आधी गोळी घ्या. बाकीचं नंतर बोलू."

गुणाजीनं आपल्या घरातून पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला.