छावणीतली रॅकेट

जालिंदरचा फोटो आला तेव्हा शहादेव चहा पीत होता. कप तसाच ठेवून तो फोन घेऊन खिडकीजवळ गेला.

जालिंदर त्याचा मेव्हणा, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. त्या उन्हाळ्यात त्याची ड्यूटी लिंबागणेशजवळच्या चारा छावणीवर लागली होती. फोटोत जनावरांचा हौद होता आणि कठड्याला टेकवून ठेवलेली टेनिसची एक लाकडी रॅकेट. तारा नव्हत्या. तारांच्या जागी हिरवी मच्छरदाणी सुतळीनं शिवलेली. खाली जालिंदरनं लिहिलं होतं, 'दाजी, हे तुमच्या कामाचं हाय का?'

शहादेवनं फोटो मोठा केला. मुठीवर चामडं नव्हतं. लाकडालाच उभ्या बारीक खाचा पाडल्या होत्या. अशी मूठ त्यानं पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती, हातात कधी आली नव्हती.

"अंजना, मी जाऊन येतो."

"कुठं? आज टँकर यायचाय. टाकी भरायला कोण थांबणार?" बायकोनं विचारलं. "मला शाळेत शिकवायला जायचंय."

तोवर तो पायऱ्या उतरला होता.

शहादेव पूर्वी बीडजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत स्टोअरकीपर होता. वीस वर्षं त्यानं गिरणीतल्या प्रत्येक बेअरिंगला, प्रत्येक पट्ट्याला नाव आणि नंबर दिला. गिरणी बंद पडली तेव्हा अधिकाऱ्यांच्या क्लबातल्या सामानाची यादी त्यालाच करावी लागली. तिथं चार जुन्या रॅकेट निघाल्या. त्या नेमक्या कसल्या, कुठल्या, कधीच्या, काही कळेना. 'लाकडी, जाळीची' एवढंच त्यानं लिहिलं, आणि ते त्याला सलत राहिलं. भंगारवाल्यानं त्या तशाच टाकल्या म्हणून तो घरी घेऊन आला. नंतर शोध सुरू झाला. हैदराबादचा गुरुवारचा बाजार, अंबाजोगाईतली जुनी घरं, औरंगाबादचे भंगारवाले. आता घरात त्रेचाळीस रॅकेट होत्या आणि अंजनाच्या साड्या पलंगाखाली पेटीत गेल्या होत्या. एखादीची ओळख पटली की दोन दिवस त्याला बरं वाटायचं. मग हात परत शिवशिवायला लागायचे.

वाटेत मांजरसुंब्याला तो दरवेळी चहाला थांबायचा. त्या दिवशी गाडी हळूसुद्धा केली नाही.

छावणी एका दूध सोसायटीनं चालवली होती. हिरव्या जाळीच्या सावलीत पाचेकशे जनावरं बांधलेली, जागोजागी उसाच्या वाढ्याचे भारे, आणि प्रत्येक दावणीशेजारी एक बाज, कारण माणसंही जनावरांपाशीच राहत होती. हौदावर एक उंच, काटक बाई पाण्यावर तरंगणारं पाचट रॅकेटनं काढत होती. साठीची असेल. डाव्या हाताचा एकच हलका फेर, आणि पाचट बाहेर.

"ह्या भामाबाई," जालिंदर म्हणाला. "दोन म्हशी अन् एक गाय हाय त्यांची."

"आक्का, ही रॅकेट कुठली?" शहादेवनं विचारलं.

"माझी."

"म्हणजे, आली कुठून?"

"धरणावरून. माजलगावच्या."

तिनं ती दिली. शहादेवनं उलटसुलट पाहिली, वास घेतला, कडेवरून नख फिरवलं. कुठंही लाकडाचे पदर जोडलेले लागले नाहीत. एकच फळी वाफेवर वाकवून केलेली. खाचांची मूठ. म्हणजे नव्वद वर्षं तरी झालेली. कंपनीचा छाप मात्र पुसून गेला होता, आणि चुना, शेण, पाणी खाऊन लाकूड इतकं काळं पडलं होतं की जात कळत नव्हती. विलायती असेल तर अॅश नावाच्या तिकडच्या झाडाचं लाकूड असणार. मूठ खालून करवतीनं दोन बोटं कापलेली दिसली.

"कुणीतरी वाटोळं केलं हिचं. मूठ कापली."

"माझ्यासाठी कापली," भामाबाई म्हणाली. "मला लांब व्हायची."

तिनं पदरानं हात पुसले आणि सांगितलं.

धरणाचं काम चालू होतं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. साहेब लोकांच्या कॉलनीत टेनिसचं पटांगण होतं, मुरमाचं. त्यावर रोज पाणी मारायचं आणि रूळ फिरवायचा, हे तिचं काम. "वीस-वीस घागरी वतायचे मी. आता ह्या दुष्काळात सांगितलं तर लोकं वेड्यात काढतील." एका इंजिनियरसाहेबाची बायको दुपारी एकटीच यायची. तिच्यासंगं खेळायला कुणी नव्हतं. एक दिवस तिनं भामाबाईला पलीकडं उभं केलं. चार महिन्यांनी भामाबाई तिला पळवायला लागली. दोन वर्षं त्या खेळल्या. साहेबाची बदली झाली तेव्हा बाईनं ही रॅकेट देऊन टाकली. बाईच्या वडलांची होती.

"आक्का, मी तुम्हाला स्टीलची चाळणी आणून देतो. चांगली, लांब दांड्याची. ही मला द्या."

"चाळणी आणा. ही न्हाई देत." मग तिनं विचारलं, "तुमी खेळता का?"

"नाही."

"कवाच न्हाई?"

"मला ओळखता येतात. कुठली, कधीची."

भामाबाईनं मच्छरदाणीवर बोट टेकवलं. तिनं विचारलं, "तार भरता येती का?"

"येते. पण जुन्या लाकडाला ताण सोसत नाही. मोडेल."

"भरून आणा. आठ दिवसांनी द्या."

त्यानं रॅकेट घरी आणली आणि त्याचं घरात बसणं-उठणं बिघडलं. मच्छरदाणी सोडवली, ओल्या फडक्यानं चुना काढला, चौकट खिडकीत धरली, दारात धरली, उन्हात नेली. लाकूड ओळखू येईना. थोडं खरवडलं असतं तर कळलं असतं, पण खरवडलं की वस्तू गेली. तार भरली तरी गेली. सहाव्या दिवशी त्याच्या मनात आलं, चोरीला गेली म्हणून सांगितलं तर? हा विचार आला तेव्हा तो जिन्यात उभा होता. तिथंच खाली बसला.

अंजना शाळेतून आली तरी तो तिथंच होता.

"ती रॅकेट तुमची हाय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तार भरा, न्हाईतर तशीच नेऊन द्या. येरझाऱ्या नका घालू. मला खालच्या मजल्यावरून ऐकू येतं."

त्यानं तार भरली. नायलॉनची, निम्म्या ताणावर, दर दोन ओढींमागं थांबून कान देत. दोन भोकांच्या कडा तडकल्या, त्या त्यानं सरसानं सांधल्या. पूर्ण दीड दिवस लागला.

नवव्या दिवशी तो चाळणी, रॅकेट आणि तीन चेंडू घेऊन छावणीवर गेला. भामाबाई हौदावर नव्हती, रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

"मला वाटलं, गेली," ती म्हणाली.

तिनं तारांवर तळहात आपटला आणि सरळ सोसायटीच्या गोदामाकडं निघाली. गोदामाची एक भिंत मोकळी होती. तिनं पदर कमरेला खोचला, चपला काढल्या, चेंडू टाकला आणि मारला. चेंडू भिंतीवरून परत आला तेव्हा ती आधीच तिथं पोचलेली होती. वाढ्याचे भारे नेणाऱ्या बायका थांबल्या. तिचा मुलगा मुंजाजी धावत आला.

"आई, लोकं बघायलेत."

"बघू दे."

शहादेवनं आयुष्यात इतक्या जवळून कुणाला खेळताना पाहिलं नव्हतं. त्याचं लक्ष मात्र आवाजाकडं होतं. तेरा, चौदा, पंधरा. पंधराव्याला आवाज बदलला, भांडं पिचकल्यासारखा. "थांबा, आक्का," तो म्हणाला, पण तिचा हात फिरला होता. गळ्याशी चौकट उकलली आणि डोकं एका बाजूला लोंबलं.

शहादेवनं पुढं होऊन ती हातात घेतली. उकललेल्या जागी आतलं लाकूड स्वच्छ होतं, पिवळसर.

"तुती आहे," तो पुटपुटला. "विलायती नाही ही. सियालकोटची असणार, पाकिस्तानातल्या. तिकडं तुतीच्या लाकडाच्या करायचे."

"बाईचे वडील तिकडंच पलटणीत होते म्हनं."

ओळख पटली होती. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यानं ती भामाबाईपुढं धरली. "माझ्यामुळं मोडली."

"मी मारली, म्हणून मोडली. तुमी कावून तोंड पाडता?" भामाबाई म्हणाली. पण ती भिंतीला टेकून बसली. मोडकी रॅकेट मांडीवर घेऊन बराच वेळ तिनं तिचा गळा दोन्ही हातांनी जुळवून धरला होता, आणि सोडला की तो पुन्हा उघडत होता.

त्या संध्याकाळी शहादेवनं कपाट उघडलं. ज्यांचं त्याला फारसं वाटणार नव्हतं अशा तीन रॅकेट बाजूला काढल्या. जेवून आला, त्या परत ठेवल्या आणि दुसऱ्या तीन काढल्या. त्यातली एक पंजाबातल्या जालंधर शहरात बनलेली होती, साठ सालच्या आसपासची, लाकूड वाकू नये म्हणून चौकोनी लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवलेली. तिच्यावरचा सोनेरी छाप अजून शाबूत होता. आत्तापर्यंत तिनं एकही चेंडू मारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छावणीवर भामाबाईनं तिन्ही हातात तोलल्या आणि नेमकी तीच घेतली.

शहादेवनं उरलेल्या दोन बाजूला ठेवल्या. "घ्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "मूठ कापू नका फक्त."

"न्हाई कापत. आता लांब होत न्हाई." तिनं प्रेसचे नट सोडवून प्रेस मुंजाजीकडं दिला. "पण रोज भिंतीसंगं काय खेळायचं? तिकडं उभा कोण राहतंय?"

मुंजाजीनं नकारार्थी मान हलवली. जालिंदर म्हणाला, मला जनावरांना टोचण्या द्यायच्यात. तेव्हा शहादेवनं उरलेल्या दोनांतली एक उचलली. दोन खांबांमध्ये दावं बांधलं होतं, त्याच्या पलीकडं तो गेला. पहिला चेंडू त्याच्या बाजूनं गेला. दुसरा चौकटीला लागून तिच्या म्हशीच्या पुढ्यात पडला. रॅकेटला ओरखडा पडला का, हे बघायला त्यानं ती उन्हात धरली.

"तिला काय बघता?" भामाबाई पलीकडून म्हणाली. "चेंडूकडं बघा. अन् पाय हलवा."

त्यानं पाय हलवले. चेंडू दाव्यावरून पलीकडं गेला, आणि तो परत येतो आहे हे त्याच्या ध्यानात यायच्या आत भामाबाईनं तो परत पाठवला होता.