दोन नळ्यांचा मध्यस्थ

मित्रांनो, मी एक जुना मध्यस्थ आहे. लग्नं जुळवत नाही, नळ्या जुळवतो. दिसायला मी स्टेपलरचा चुलतभाऊ वाटतो. त्या घराण्याशी माझा काही संबंध नाही, हे सांगून सांगून मी थकलो. अर्थात मनातल्या मनात, कारण मला तोंड नाही. दोन खाचा आहेत.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्यासारखीच शेकडो भावंडं पट्ट्यावर होती. ओळख होण्याआधीच आमची खोक्यांत रवानगी झाली. एवढी मोठी भावकी, पण आजवर एकानेही विचारपूस केलेली नाही.

मी आलो चित्रकलेच्या एका निवृत्त बाईंकडे. बाई एकट्याच राहायच्या. त्यांची मूत्रपिंडं थकली होती, म्हणून पोटात एक मऊ नळी बसवली होती. रोज ती औषधी पाण्याच्या पिशवीला जोडायची, पोटातलं जुनं पाणी बाहेर सोडायचं, नवं आत घ्यायचं. घरच्या घरी डायलिसिस. अट एकच: नळीचं उघडं टोक कशालाही लागता कामा नये. लागलं, की जंतू थेट पोटात. परगावी राहणाऱ्या लेकीने बजावलंच होतं, "आई, एकदा जरी इन्फेक्शन झालं ना, तर ते घर बंद करून तुला इकडे आणणार. मग कुरकुर चालणार नाही."

एकेकाळी बाईंनी फळ्यावर नुसत्या हाताने गोल काढला की कंपास मान खाली घालायचा. आता ते हात थरथरत. म्हणून मी. एका खाचेत पोटाची नळी, दुसरीत पिशवीची. दांडी सरकवली की दोन्ही टोकं सरळ समोरासमोर येऊन जुळत. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "बाई, हा तुमचा तिसरा हात. याला थरथर माहीतच नाही." एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

जोडणीच्या वेळी खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, बोलणं बंद. एरवीही घरात बोलणं बंदच असे. त्याला मात्र वैद्यकीय कारण नव्हतं.

मग एकदा बाईंचे धाकटे भाऊ आले. हाताला स्वस्थता नसलेला माणूस. लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तसा त्यांनी मोबाइल माझ्या खाचेत रोवला.

"ताई, बघ कसा ऐटीत बसलाय. लग्नाच्या फोटोत मीसुद्धा इतका ताठ नव्हतो."

"अरे, ते औषधपाण्याचं आहे."

"असू दे की. फावल्या वेळात दुसरी नोकरी."

भाऊ गेले, दुसरी नोकरी राहिली. लेक रोज माझ्या डोक्यावर बसून हसायची. डोक्यावरच असल्यामुळे मी तिला कधी पाहिलं नाही.

एका दुपारी गप्पा रंगल्या आणि जोडणीची वेळ झाली. मला घ्यायचं तर लेकीला टेबलावर पालथं घालावं लागणार. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मास्क लावला, हात धुतले आणि नुसत्या हातांनीच जोडायला बसल्या.

पोटाच्या नळीचं थरथरतं टोक स्वेटरच्या बाहीला लागलं.

"आई, गप्प का झालीस?"

"काही नाही गं. मास्क आहे ना."

कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, पण मी तेव्हा मोबाइलचा स्टँड होतो. जोडून टाकली असती, तर कोणाला कळलं नसतं. सांगितलं, तर घर जायची भीती. बाईंनी पिशवीची नळी बाजूला ठेवली. मग टोकाला नवं झाकण लावलं.

"नळी बाहीला लागली. तू फोन ठेव, मला सिस्टरना लावायचाय."

"माझ्याशी बोलत होतीस म्हणून?"

"तू ठेव आधी."

सिस्टर म्हणाल्या, "जोडली नाहीत ना? मग निभावलं. तशाच इकडे या." दवाखान्यात नळीचा पोटाबाहेरचा तुकडा बदलला, औषध दिलं. "आणि तुमचा तिसरा हात कुठे होता?"

"फोन धरून बसला होता," बाई म्हणाल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

संसर्ग झाला नाही. घर राहिलं. लेक एवढंच म्हणाली, "जोडून झालं की मिस कॉल दे. पाणी निचरेपर्यंत बोलू."

आता मोबाइल रंगांच्या डब्याला टेकतो. जोडणी झाली की मला पुसून खोक्यात, खोकं कपाटात. तिथे हसू पोहोचतं, शब्द पोहोचत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला त्याचंच काम करू द्या. जोडणीच्या वेळी फोन करू नका. नंतर करा. पण करा. तेवढं काम मला जमत नाही.