उलटवायची राहिलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी तबकडी आहे. गरगर फिरणं हाच माझा जन्म. पडून राहिले की जीव नुसता तळमळतो.

माझ्या रेघांत एक सिंफनी आहे, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेलं संगीत. चार भाग, दोन बाजूंना दोन-दोन. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी, आपल्याकडे पेशवाईचे शेवटचे दिवस चालू असताना, दूर ऑस्ट्रियात ती रचली गेली. तिकडे तेव्हा सरदारांच्या घरी वादकांना नोकरांच्या पंगतीला बसवत. मैफल चालू असताना सरदार गप्पा मारत, अर्ध्यावर उठून जात. त्यात लढाया पेटलेल्या, तिथल्या राजधानीवर फौजा चालून येत होत्या. ती सगळी धडधड माझ्या पहिल्या बाजूत भरली आहे.

कर्जतच्या शशिकांत मास्तरांनी मला मुंबईहून आणलं. मऊ फडक्याने पुसून ते मला लावत. पण पहिली बाजू संपते न संपते तोच शिकवणीची मुलं दारात हजर. "दुसरी उद्या," ते बायकोला, मालतीबाईंना म्हणत. तो उद्या आलाच नाही. मास्तर गेले आणि मी कपाटात पडले.

परवा नातवाने, केयूरने मला बाहेर काढलं. खालापूरला त्याचं नवं हॉटेल आहे. तिथल्या भिंतीसाठी त्याला माझं घड्याळ करायचं होतं. तो ड्रिल घेऊनच बसला. म्हणजे काटे फिरणार आणि मी कायमची गप्प!

"थांब रे," मालतीबाई म्हणाल्या. "ह्यांची दुसरी बाजू राहिलीये. एकदा पुरती ऐकू दे, मग पाड काय भोकं पाडायचीत ती."

पहिली बाजू वाजली. घरकामाच्या विमलबाई केरसुणी हातात धरून ऐकत राहिल्या. "अगं बाय! ही वाद्यं हायत का भांडणं?"

"मिटतात का बघू. उलटव रे, केयूर."

शेवटचा भाग सुरू होताहोता सुई एका जुन्या ओरखड्यात अडकली. तोच तुकडा, पुन्हा तोच. केयूर हसला. "गेली ही, आजी. घड्याळच बरं."

मालतीबाईंनी बोटाने सुई जरा पुढे सरकवली. आणि सगळी वाद्यं एकदम मोकळी झाली, वेढा उठल्यावर माणसं वेशीबाहेर यावीत तशी.

संपल्यावर विमलबाईंनी केरसुणी खाली ठेवली.

"मिटलं बाय एकदाचं," विमलबाई म्हणाल्या.

मालतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "उद्या उद्या करत हे ठेवून दिलं होतं होय ह्यांनी!"

केयूरने ड्रिलची वायर गुंडाळली.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, ओरखडे पाडू नका. आणि ऐकायला बसलात तर शेवटपर्यंत बसा. अर्ध्यावर उठून जाणारे सरदार माझ्या सुरांनी पुष्कळ पाहिलेत.