मागची सीट रिकामी

पाववालीचा हात पुन्हा चुकला, आणि तोही नेमका मैदानाच्या टोकाला, उंच झाडांच्या डोक्यावर, जिथे वारा कायम खोड्या काढायचा.

खालून कुणीतरी उचलून धरावा तसा डावा पंख उचलला गेला आणि विमान उजवीकडे कललं. घाबरून तिने समोरचा दांडा डावीकडे लोटला. विमान आणखीच कललं. मागच्या सीटवरून मास्तरांचे दोन लांब हात पुढे आले. त्यांनी दांडा उजवीकडे ढकलला, तेव्हा कुठे आभाळ पुन्हा सरळ झालं.

विमान म्हणजे तरी काय, वर ताणून बसवलेल्या कापडाचा मोठा पंख, आणि त्याखाली टांगलेली तीन चाकांची, दोन सीटची उघडी गाडी. पाठीशी इंजिन आणि पंखा. ना दार, ना काच. दांडा डावीकडे लोटला की आपलं वजन उजवीकडे जातं आणि विमान उजवीला वळतं. दांडा पुढे ढकलला की नाक वर होऊन वेग मरतो, पोटाशी ओढला की वेग वाढतो. सगळं उलटं. आणि पाववालीची उभी हयात गेली होती पावाच्या तीनचाकीचा हँडल धरण्यात. पहाटे भावाच्या बेकरीतून पाव भरायचे आणि गल्लीबोळांतून दुकानादुकानांत पोचवायचे. डावीकडे जायचं तर हँडल डावीकडे. हे तिच्या डोक्याला माहीत नव्हतं, हातांना माहीत होतं. म्हणून शांत असताना डोकं जिंकायचं आणि भीतीत हात.

जमिनीवर आल्यावर मास्तरांनी हेल्मेट काढलं.

"बाई, वळणं सुरेख. उतरणं त्याहून सुरेख. पण घाबरलात की तुमचे हात बाजारात जातात."

"मग एकटीला कधी सोडणार?"

"बघू."

"बघू-बघूत गवत दोनदा कापून झालं, मास्तर. दातांचा डॉक्टर माझ्यामागून आला आणि एकटा उडून पेढे न वाटता घरीही गेला. दाढा उपटणारे हात चालतात, आणि पाव वाहणारे चालत नाहीत?"

मास्तर हसले नाहीत. हातातलं हेल्मेट उलटं करून ते त्याच्या आतल्या अस्तराकडे बघत राहिले. माणूस मनाचा सरळ, त्यामुळे त्याला लपवाछपवी धड जमत नव्हती.

"तुमचे दादा येऊन गेले होते," ते अखेर म्हणाले. "म्हणाले, एकच बहीण आहे मला. फिरवा, हौस भागवा, पण एकटीला वर सोडू नका. मी हो म्हणून बसलो."

पाववालीने हातमोजे काढले. एकावर एक ठेवले. तिला दादाचा राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी माया लागली, म्हणून आणखीच राग आला. नवऱ्याच्या माघारी याच दादाने तिला बेकरीच्या माडीवर खोली दिली होती. भट्टीच्या उबेने ती खोली कधी गार पडली नाही. पण उबेतसुद्धा माणूस गुदमरतो, हे त्याला कोण सांगणार?

"दोन गोष्टी आहेत, मास्तर," ती म्हणाली. "हात माझे आहेत, त्यांचं मी बघते. शब्द तुमचा आहे, त्याचं तुम्ही बघा."

त्या संध्याकाळी तिने तीनचाकीची किल्ली दादासमोर पिठाच्या फळीवर ठेवली.

"हे काय?"

"उद्यापासून पाव तू पोचव. मी भट्टी बघते."

"डोकं फिरलं का तुझं?"

"डोकं जागेवर आहे. हात फिरलेत. रोज हँडल धरते तोवर ते विसरायचे नाहीत."

"अगं, तिन्हीसांजेला देवाचं नाव घ्यायच्या वयात तू…"

"घेते की. वर गेल्यावर रोज घेते. तिथून त्याला लवकर ऐकू जातं."

वहिनी पदराआड हसली. दादाने तिच्याकडे डोळे वटारले, पण किल्ली उचलावीच लागली. दुकानदार काही त्याची बहीण उडायला शिकते म्हणून थांबणार नव्हते.

मग गंमतच झाली. दादा म्हणजे भट्टीचा राजा, पण गाडीवर बसला की त्याचा पार रंक व्हायचा. खड्डा दिसला की हा मुद्दाम त्यातच जाणार. पाव चेपलेले, बनांची तोंडं वाकडी. चहावाला म्हणे, "शेठ, पाव आणलेत की पापड?" दादा घरी येऊन थाळी आपटायचा. पाववाली मुकाट्याने पीठ मळायची. मळतानाही दोन्ही मुठी कणकेत रोवून ती अंग एका बाजूला झोकायची, हात दुसऱ्या बाजूला. ओठांत स्वतःच जुळवलेल्या ओळी:

*उजवीला जाते बाई, दांडा लोटते डावीला,*
*ओढते गं पोटाशी तो, जीव टांगून सावलीला.*

सावली म्हणजे पंखाची. दुपारी मैदानावर जाऊन ती शेडमधल्या उभ्या विमानात डोळे मिटून बसायची. डॉक्टर दाढांतून सुटला की यायचा, न सांगता पंखाचं एखादं टोक धरून जोरात हलवायचा आणि ओरडायचा, "वारा!" सुरुवातीला तिचे हात बाजारातच जायचे. हळूहळू निम्म्या वाटेवरून परतायला लागले. मग एके दिवशी गेलेच नाहीत. हवेतही मास्तरांनी मुद्दाम तिला त्या झाडांवरून पुन्हा पुन्हा नेलं, आणि परतल्यावर हेल्मेट काढून नुसतं "हं" म्हणाले. मास्तरांच्या शब्दकोशात त्याहून मोठी शाबासकी नव्हती.

त्यानंतरच्या स्वच्छ सकाळी, धावपट्टीच्या तोंडाशी, इंजिन सुरू असतानाच मास्तर मागच्या सीटवरून उतरले. रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी आवळून बांधले, सुटून पंख्यात जायला नकोत म्हणून. मग तिच्या कानाशी आले.

"मी तुमच्या दादांना दिलेला शब्द मागे घेऊन आलोय. पहाटेच, बेकरीत जाऊन."

"काय म्हणाले?"

"सांगण्यासारखं नाही. आता ऐका. माझं वजन गेलं. गाडी उडी मारून वर जाईल आणि खाली यायला कुरकुर करेल. नाही टेकली तर ओढाताण करू नका. इंजिन द्या, परत वर जा, पुन्हा या. त्यात लाज नाही."

तिने मान हलवली. पायाखालचं पेडल दाबलं.

गवत मागे पळालं, चाकं थरथरली, आणि मग थरथर एकदम थांबली. विमान खरंच उडी मारून वर गेलं. पाठीला मास्तरांचे गुडघे नव्हते. तिथून वारा आत येत होता. आजवर कुणी ना कुणी पाठीमागे होतंच: आधी आई, मग नवरा, मग दादा. आज पाठीमागे नुसतं आभाळ. तिला वाटलं होतं भीती वाटेल. वाटलीही. पण भीती मागच्या सीटवर बसलेल्या उतारूसारखी वाटली, चालवणारीसारखी नाही.

झाडांवर वारा टपलेलाच होता. डावा पंख उचलला गेला. आणि तिचे हात, गुणाचे हात, दांडा उजवीकडे घेऊन गेले. पंख सरळ. "आता कर खोड्या," ती वाऱ्याला म्हणाली.

वळून धावपट्टीसमोर आली तेव्हा तिला पावाची तीनचाकी दिसली. धुळीचा लोट उठवत ती थेट गवतात घुसली होती, आणि दादा बाहेर पडून दोन्ही हातांनी खूण करत होता: खाली! खाली! त्याचं बघून चहाच्या टपरीवरचे दोघेचौघेही हात हलवायला लागले.

तिने इंजिन मंदावलं, दांडा पोटाशी धरला, जमीन जवळ आल्यावर हलकेच पुढे सोडला. चाकं टेकायला हवी होती. टेकेनात. हलकं विमान गवताच्या वीतभर वरून तरंगतच राहिलं. धावपट्टी संपत चालली. कुंपण मोठं व्हायला लागलं. दादा शेजारून धावत ओरडत होता, शब्द ऐकू येत नव्हते, पण तोंडाचा आकार कळत होता: उतर! आयुष्यभर तिने तो आकार पाहिला होता, आणि दर वेळी उतरली होती.

तिने पेडल तळापर्यंत दाबलं. नाक उसळू नये म्हणून दांडा घट्ट धरून ठेवला. कुंपण, मग कुंपणापलीकडचा नाला, मग झाडं, सगळं तिच्या पायांखालून गेलं. खाली दादाने डोक्याला हात लावला. मास्तर मात्र खिशात हात घालून उभे होते.

दुसऱ्या फेरीत ती लवकर खाली आली, लांबून, निवांत. या वेळी तिने धावपट्टीकडे पाहिलं, माणसांकडे नाही. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली आणि गवतावर शहाण्यासारखी धावली.

दादा धापा टाकत पोचला. भुवयांवर पीठ, डोळ्यांत पाणी. राग की काय, त्यालाच ठाऊक नसावं.

"जीव घेतलास माझा! पहिल्यांदा का नाही उतरलीस? मी सांगत होतो ना?"

"तू सांगत होतास, दादा. विमान सांगत नव्हतं."

"बरं. झालं ना आता? केलंस ना मनासारखं? उतर खाली. चल घरी."

पाववालीने इंजिन बंद केलं नाही. पलीकडे उभ्या मास्तरांकडे तिने पाहिलं. त्यांनी खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी पाहिली, आभाळ पाहिलं आणि मान डोलावली.

तिने हात लांब करून दादाच्या भुवईवरचं पीठ झटकलं.

"दादा, पाव गार होतायत, ते पोचव. आणि जरा लांब उभा राहा बघू. पंखा लागेल."

दादा मागे सरला. आधी एक पाऊल, मग तिने पेडलवर पाय ठेवलेला दिसला तशी चार.