पाहणीच्या दिवशीची रांगोळी

गेल्या वर्षी पार्वतीबाईंच्या गल्लीने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर त्या धोंड्याभोवती रांगोळीही काढली.

झालं असं. कामठी रोडच्या अलीकडच्या त्या वस्तीत गडरलाइन, म्हणजे जमिनीखालचं गटार, नाही. वरच्या अंगाला प्लॉट पाडून वसवलेल्या लेआउटमधलं सगळं सांडपाणी उघड्या नालीने गल्लीत उतरतं, आणि पाऊस जरा जोरात आला की मोरीतून उलटं घरात शिरतं. अर्ज करकरून लोक थकले, तेव्हा कुठे निरोप आला की पालिकेचे इंजिनिअर पाहणीला येणार, आणि त्यांच्या शेऱ्यावर वार्षिक आराखड्यात गल्लीचं नाव लागायचं की नाही ते ठरणार. आता दारी पाहुणा येणार म्हटल्यावर ही माणसं गप्प बसतात होय! पार्वतीबाईंनी पदर खोचला आणि गल्ली कामाला लावली. झाडलोट झाली, फिनाइल ओतलं, नालीवर लाकडी पटरे टाकून त्यावर विहारातल्या सतरंज्या अंथरल्या. इंजिनिअर साहेबांनी नालीवरच खुर्ची टाकून तर्री-पोहे खाल्ले, दोनदा तर्री मागून घेतली, आणि ‘परिसर स्वच्छ, तूर्त गरज नाही’ असं लिहून गेले.

आराखडा आला तेव्हा त्यात गल्लीचं नाव नव्हतं. पुढचा पावसाळा नेहमीसारखाच गेला, फक्त या वेळी नात नंदिनी आजारी पडली ती उठेचना. जुलाब थांबले की ताप, ताप उतरला की पुन्हा जुलाब. पोर चिपाडासारखी झाली. दिवाळीनंतर सून भावनाने आवाज न चढवता सांगून टाकलं.

“आई, यंदाही नाव नाही लागलं तर आमी कामठीले राहायले जातो. खोली पाहून ठेवली आहे.”

पार्वतीबाईंना हे बोलणं जिव्हारी लागलं, कारण सुनेचं काही चुकत नव्हतं. चुकत असतं तर भांडता तरी आलं असतं. नंदिनीशिवाय या घरात आपण भिंतींशी बोलत बसायचं, या विचाराने त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यंदा पाहणीची तारीख कळली, तशी रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक बसली. समितीचे अध्यक्ष देवराव उभे राहिले.

“यंदा कोणीच झाडू उचलायचा नाही गा. पटरे नाही, फिनाइल नाही, पोहे तर मुळीच नाही. जसं आहे तसं दिसू द्या.”

सगळे हो म्हणाले. पार्वतीबाईंनीही मान हलवली, पण मान हलली म्हणून मन हलतं असं नाही.

हसायला सोपं आहे, पण त्यांचं दुखणं जुनं होतं. आई धम्मदीक्षेला गेली तेव्हा त्या पोटात होत्या. बाप गिरणीत राबायचा आणि घरी आला की पहिल्यांदा अंगण पाहायचा. “लुगडं फाटकं चालते, मळकं नाही चालत. लोक बोट दाखवायले टपूनच आहेत,” म्हणायचा. आणि बोट दाखवलंही होतं. शाळेत शेजारी बसणाऱ्या एका मुलीने नाकाला रुमाल लावून सांगितलं होतं, तुमच्या वस्तीचा वास येतो. त्या दिवसापासून परक्या माणसाला आपल्या दारची घाण दिसू द्यायची नाही, हे पार्वतीबाईंनी जन्मभर पाळलं.

पाहणीच्या दिवशी पहाटेच त्यांचा हात झाडूकडे गेला. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. निदान आपल्यापुरतं तरी, असं मनाशी म्हणत त्यांनी दार झाडलं, नालीवर दोन पटरे टाकले, आणि मग हात आवरेना म्हणून रांगोळीही काढली. भावना बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

“आई, काहून झाडून राहिल्या?”

“मले नाही पाहवत वं.”

“मलेही नाही पाहवत,” भावना म्हणाली आणि आत निघून गेली. तिने ओरडायला हवं होतं, असं पार्वतीबाईंना वाटलं.

इंजिनिअर या वेळी एक तरुण मुलगी होती, नूपुर मॅडम म्हणून. मोबाइल हातात धरून ती गल्लीच्या तोंडाशी आली, नेमकी पार्वतीबाईंच्या पटऱ्यावर उभी राहिली आणि खाली रांगोळी पाहून हसली.

“अरे वा! इथे तर छानच आहे सगळं.” ती मागे वळून देवरावांना म्हणाली, “काका, मला अजून पाच वस्त्या बघायच्या आहेत.”

देवरावांचा चेहरा पडला. भावना नंदिनीला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने नजर फिरवली. एका झाडूने गल्ली दुसऱ्यांदा बुडत होती.

“मॅडम, उतरा त्याच्यावरून,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“उतरा म्हणते ना मी!”

मॅडम गोंधळून बाजूला झाली. पार्वतीबाईंनी वाकून पटरा ओढला, रांगोळी पुसली गेली, दुसरा पटरा ओढला. खालून काळा गाळ वर आला आणि मॅडमचा हात आपसूक रुमालाकडे गेला. तो रुमाल नाकाशी गेलेला पाहून पार्वतीबाईंना पुन्हा शाळेतल्या बाकावर बसल्यासारखं झालं. लाज वाटली, डोळे भरून आले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या लाजेचाच राग आला.

“लावा, रुमाल लावा. वास येतेच,” त्या म्हणाल्या. “पण हा वास आमचा नाही, मॅडम. माह्या घरात या, चुलीपाशी या, कुठं धुळीचा कण दाखवा. हे पाणी वरच्या लेआउटचं आहे. आमी जन्मभर ते झाकून राहिलो, जशी काही आमचीच चूक.”

हात धरून त्यांनी तिला आत नेलं. मोरी दाखवली, भिंतीवर गुडघ्याएवढी चढलेली ओल दाखवली. नंदिनीचा काडीसारखा हात पुढे केला. मॅडमने रुमाल पर्समध्ये ठेवला तो पुन्हा काढला नाही. मग ती बाहेर येऊन नालीचा फोटो घेऊ लागली.

“नुसती नाली काहून काढता?” पार्वतीबाई म्हणाल्या. “थांबा, मी उभी राहते बाजूले. तुमच्या मोठ्या साहेबाले समजू द्या, इथं माणसं राहतात.”

त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी भावना येऊन उभी राहिली, मग देवराव, मग अख्खी गल्ली. मॅडम हळूहळू मागे सरकत गेली तरी माणसं फोटोत मावेनात. त्या दिवशी ती उरलेल्या वस्त्यांना उशिरा पोचली, पण ही गल्ली तिने शेवटच्या घरापर्यंत पाहिली.

आराखडा जाहीर झाला तेव्हा गल्लीचं नाव त्यात होतं. पालिकेचं काम, कागदावर आलं म्हणजे दारात आलं असं नसतं, तेव्हा पार्वतीबाईंनी आनंद राखून ठेवला. पण उन्हाळा तापता तापता एक दिवस खरंच खोदायचं यंत्र आलं. भावनाने कामठीच्या खोलीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि जेवायला वाढताना सासूच्या ताटात एक भाकर जास्त ठेवली.

दोन दिवसांत गल्लीची रया गेली. चिखल, मातीचे ढीग, नालीतला गाळ उकरून दारादारात टाकलेला. इतकी घाण त्या गल्लीने कधी पाहिली नव्हती. पार्वतीबाईंनी दारात खुर्ची टाकली आणि सीताबर्डीच्या पलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

“आजच ये वं,” त्या म्हणाल्या. “अंगणात पाय ठेवायले जागा नाही, नुसती घाण आहे. येच पाहायले.”