सुरमईची जागा

"जुगाईप्रसाद, जुगाईप्रसाद, सोसायटीवरना बोलतंय. ऐकतोस काय? जुगाईप्रसाद!"

वायरलेसच्या सेटमधून नुसती खरखर आली. दर्शनाने आवाज चढवून पुन्हा तीच हाक दिली. जुगाईप्रसाद ही तिच्या नवऱ्याची, सुजयची होडी. सेटवरसुद्धा ती नवऱ्याला होडीच्या नावाने हाक मारी. बंदरावरच्या सगळ्याच बायांची ती रीत.

मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर बसणं हे तिचं काम. वाऱ्याचा इशारा असो, कुणाच्या घरी मुलगी झाल्याची बातमी असो, होड्यांना ती दर्शनाच्या तोंडून कळे. 'सोसायटीवाली वैनी' म्हणून निम्मा दर्या तिला ओळखत होता.

आज सकाळी निरोप आला होता: क्षेपणास्त्रं वाहणारी जपानी युद्धनौका आपल्या नौदलासोबत सरावाला येतेय, होड्यांनी ते पाणी मोकळं करावं. दर्शनाने तो सगळ्यांना सांगितला. एकेक होडी "समजला, वैनी" म्हणून मागे फिरली. बाकी राहिली ती एकच. आणि बाहेर धुरकं असं दाटलेलं, की जेटीचं टोकही दिसत नव्हतं.

सुजय बोलणार नाही हे तिला ठाऊक होतं. सुरमईची ती जागा त्याला बापाकडून मिळालेली. झाकली मूठ सव्वा लाखाची! तिकडे जाताना तो सरकारने दिलेला ट्रान्सपाँडर बंद करी, म्हणजे होडी कुणाच्या नकाशावर दिसू नये. वायरलेसही बंद करी. कुणी "खय हायस?" विचारलं तर खोटं सांगावं लागतं, आणि दर्यावर खोटं बोलू नये, हे त्याचं तत्त्व. तत्त्वाचा मोठा पक्का! आता त्या तत्त्वापायी तो आंधळा-बहिरा होऊन युद्धनौकेच्या वाटेत बसला होता.

"आई, ही बघ ती बोट," सानिका म्हणाली. कॉलेजला दांडी मारून लेक आईपाशी येऊन बसली होती. तिने मोबाइलवर त्या नौकेची सगळी कुंडली काढली होती. "एडनच्या आखातात चाच्यांपासून व्यापारी जहाजांना सोबत केलीय हिने. भूकंप झाला तेव्हा लोकांना पाणी, घोंगड्या पोचवल्या. चांगली आहे गं."

"मग थांबलीस कशाला? पुढं वाच."

"काही नाही पुढे."

"वाच म्हणतंय ना!"

सानिकाचा आवाज बारीक झाला. "एकदा उजाडताना तिने मासेमारीच्या होडीला धडक दिली. होडीचे दोन तुकडे झाले. माणसं सापडली नाहीत. रडारवर होडी दिसली होती, पण लक्षात यायला उशीर झाला."

एवढ्या लांबलचक इतिहासात होडीला दोनच ओळी होत्या. होडीचं नावही नव्हतं. दर्शनाची पाचावर धारण बसली.

तिने तटरक्षक दलाला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, अक्षांश-रेखांश सांगा, लगेच कळवतो."

अक्षांश-रेखांश तिला कुठून ठाऊक असणार? सासऱ्यांनी जागा सांगितली होती ती दर्यावर्दी भाषेत, आणि तीही मरायला टेकल्यावर, मुलासोबत सुनेला जवळ बसवून. "घराबाहेर जाता नये," असं म्हणाले होते. ती भाषा समजणारे लोक आता फक्त सेटच्या पलीकडे होते. त्यांना सांगायचं म्हणजे सगळ्या बंदराला सांगायचं. घर चालत होतं ते त्या जागेवर. सानिकाची फी तिथलीच.

तिने माइक तोंडाशी धरला.

"सगळ्यांनी ऐका. जुगाईप्रसाद सुरमईच्या जागेवर हाय. सेट बंद हाय त्याचा. किल्ल्याच्या दिव्यावरना सरळ मावळतीला जायचा, तीस वाव खोल पाणी लागंपर्यंत. तिथना दक्षिणेला. पाणी हिरव्याचा काळा होतां, आणि ओढ पूर्णगडाकडे लागते, तीच जागा. कोण जवळ असंल त्यानं जा रे, बाबांनो. पाया पडतंय."

मग ऋत्विकचा आवाज आला. दुसऱ्या होडीचा हा तरणा तांडेल सुजयच्या मागावर कितीदा राहिला होता आणि प्रत्येक वेळी चुकला होता. "वैनी, मी जवळच हाय. जातंय."

मग नुसती खरखर. सानिका आईच्या पदराला धरून बसली, लहानपणी बसायची तशी. दर्शनाने जुगाईदेवीला नवस बोलायला सुरुवात केली आणि काय बोलायचं तेच विसरली.

"वैनी! गावला! जाळां कापून निघाला तो. आमी दोगंव... आयो! ती बगा, आली! केवडी ती! धुरक्यातना डोंगरच आला गो!"

आवाज तुटला. दर्शना खुर्चीवरून उठली आणि उभीच राहिली. सानिका रडू लागली.

"गेली," ऋत्विक धापा टाकत म्हणाला. "बाजूनं गेली. लाटेनं उलटत व्हतंव, पण वाचलंव. दोगंव हांव."

दुपार कलताना सुजय सोसायटीच्या दारात आला. बाहेर जेटीवर होड्यांमध्ये बर्फ चढत होता. उद्या कोण कुठे जाणार हे विचारायची गरज नव्हती. दर्शनाला आता त्याच्याकडे बघायची भीती वाटत होती.

"कुठवर सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सगळा."

तो मान हलवत तिच्या खुर्चीवर बसला. मग त्याने माइक उचलला.

"जुगाईप्रसाद बोलतंय. उद्या जे जातील त्यांनी ऐका. जाळी दक्षिणेच्या अंगानं टाका. मधी खडप हाय, वरना दिसत न्हाय. माज्या बापसाची जाळी तिथंच फाटली. कुणाचा नुकसान व्हायला नको."

त्याचं बोलणं संपलं, पण माइकचं बटण तो दाबूनच बसला होता. ते दाबलेलं असलं की पलीकडच्या कुणाचा आवाज येत नाही. दर्शना जवळ आली आणि तिने हळूच त्याचा अंगठा उचलला.